वारा पडेपर्यंत थांबावें

लहान वस्तूकडे निरखून पाहण्याची आवड ही विद्यार्थिदशेंतील एक मोठी मिळकत होय. मुंगीच्या धांदलींत ज्याला कौतुक वाटूं लागलें, त्याला पुढील आयुष्यांत एकटेपणाचें भय फारसें राहत नाहीं. कारण जेथें मूठभर माती आणि एखादें झुडूप आहे, तेथें त्याला सोबत आहेच. पूर्वीं ही आवड पुरविण्यास भिंग लागे, आणि तें दहांत एकाजवळहि नसे. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमटीएवढें एक जोडभिंग बसविलें कीं मावा, मुंगळा, सुरवंट, नाकतोडा यांचें रूप कोणाहि मुलास हातभर मोठें करून पाहतां येतें. आणि ज्यांच्या घरीं ऐपत आहे त्यांच्या हातीं खास मॅक्रो लेन्सचा कॅमेराहि दिसतो. मधल्या सुटींत शाळेच्या बागेंत, तुळशीच्या वाफ्यापाशीं किंवा कढीलिंबाखालीं, पांचसहा डोकीं एकत्र वांकलेलीं पाहिलीं म्हणजे शिक्षकास धन्यता वाटावी, अशीच ही गोष्ट आहे.

परंतु या छंदाबरोबर एक खोड आमच्या मुलांत शिरूं पाहत आहे, आणि तिचें मूळ वाऱ्यांत आहे असें म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. कीटकाचें निकट छायाचित्र घेणाऱ्याचा पहिला शत्रु अंधार नव्हे, किंवा कीटकाचा चपळपणाहि नव्हे. तो वारा होय. ज्या झुळकीनें आपल्या कपाळावरचा घामहि पुरता सुकत नाहीं, ती झुळूक तुळशीच्या मंजिरीस इतकी हालविते कीं तिच्यावर बसलेली मधमाशी कॅमेऱ्याच्या चौकटींतून पार निघून जाते. मुलें कंटाळतात. मग कोणीतरी युक्ति सांगतो : किडा डब्यांत घालून घरच्या फ्रिजमध्यें ठेवावा, आणि गारठून निपचित पडला म्हणजे हव्या त्या फुलावर मांडावा. दुसरा याहून पुढें जातो. तो पायाखालीं डिंकाचा थेंब लावतो. तिसरा मेलेलेंच फुलपाखरूं आणतो आणि पाण्याचे चार तुषार उडवून त्यास ‘दंवांत न्हालेलें’ करतो. चित्र अगदीं स्पष्ट येतें. त्याची वाहवाहि होते. ही युक्ति मुलांनीं सोडावी, आणि शिक्षकांनीं व परीक्षकांनीं तिला उत्तेजन देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम अडचण खरोखर केवढी आहे तें पाहूं. कारण दुसऱ्याची अडचण लहान समजून उपदेश करणें फार सोपें असतें. मॅक्रो लेन्सनें ‘एकास एक’ प्रमाणांत चित्र घेतलें म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या मधमाशीचें प्रतिबिंब कॅमेऱ्यांतील सेन्सरवर तितकेंच, म्हणजे एक सेंटिमीटर, पडतें. समजा, मंजिरी सेकंदास अवघ्या १० सेंटिमीटर वेगानें डुलत आहे. शटर १/२०० सेकंद उघडें राहिलें, तर तेवढ्या अवधींत मधमाशी अर्धा मिलीमीटर सरकते, आणि तिचें प्रतिबिंबहि तितकेंच सरकतें. मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलीमीटर रुंद असतो. त्यावर रुंदीच्या बाजूनें ६,००० पिक्सेल असले तर एक पिक्सेल ०.००६ मिलीमीटरचा झाला. म्हणजे मधमाशीच्या देहावरील प्रत्येक बिंदु ऐंशींहून अधिक पिक्सेलांवर फासला गेला. तिच्या संयुक्त नेत्रांतील एकेक पैलू सुमारें ०.०२ मिलीमीटर असतो. तेव्हां असे पंचवीस पैलू एकमेकांत मिसळून डोळ्याच्या जागीं नुसता काळसर डाग उरतो. हेंच दृश्य दहा हात दूर उभें राहून टिपलें असतें, तर तें सरकणें कोणाच्या लक्षांतहि आलें नसतें. लहानास मोठें करणारें भिंग त्याच्या हालचालीसहि तितकेंच मोठें करतें, त्यास इलाज नाहीं.

यावर फ्लॅश हा उपाय आहे, आणि तो खोटा नाहीं. लहान फ्लॅशची शक्ति कमी ठेवली तर त्याचा प्रकाश १/१०,००० सेकंद किंवा त्याहूनहि कमी काळ टिकतो; तेवढ्यांत ती मंजिरी एकशतांश मिलीमीटर काय ती सरकते, आणि पुसटपणा दिसेनासा होतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत हॅरल्ड एजर्टन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत हें तंत्र नांवारूपास आणलें. इंग्लंडांतील स्टीफन डाल्टन यांनीं अतिजलद फ्लॅशच्या बळावर उडत्या कीटकांचीं चित्रें घेतलीं, आणि तीं १९७५ सालीं ‘बॉर्न ऑन द विंड’ या पुस्तकाच्या रूपानें लोकांपुढें आलीं. परंतु आमच्या बागेंतील मुलाचें काम फ्लॅशनें अर्धेंच होतें. एकास एक प्रमाणांत छिद्र एफ/८ इतकें ठेवलें असतां स्पष्टतेची खोली जेमतेम एक मिलीमीटर असते. मंजिरी पुढें-मागें एक सेंटिमीटर डुलत असेल, तर बहुतेक वेळ ती त्या पातळ पडद्याच्या बाहेरच असते. फ्लॅश तिला थिजवितो, पण भलत्याच जागीं थिजवितो. छिद्र लहान करून खोली वाढवावी, तर विवर्तनामुळें सबंध चित्रच मऊ पडूं लागतें. निरनिराळ्या अंतरांवर घेतलेलीं वीस-तीस चित्रें संगणकावर जोडून त्यांचें एक स्पष्ट चित्र बनविण्याची जी नवी रीत आहे, ती तर डुलत्या फांदीवर चालतच नाहीं. तात्पर्य, मुलें केवळ आळसानें आडवाटेस लागतात असें आम्ही म्हणत नाहीं. सरळ वाट खरोखरच कष्टाची आहे.

हा मोहहि आजकालचा नव्हे. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञानें १६६५ सालीं ‘मायक्रोग्राफिया’ हा सूक्ष्मदर्शकांतून पाहिलेल्या वस्तूंचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील मुंगीचें चित्र काढतांना त्याचीहि अशीच तारांबळ उडाली. मुंगी स्थिर बसेना. पाय मेणांत किंवा सरसांत रोवले तर ती अंग पिळवटून घेई. मारली तर तिच्या इवल्याशा देहाचा आकार बिघडे. अखेर त्यानें तिला मद्य पाजून बेशुद्ध केलें, चित्र काढलें, आणि सुमारें तासाभरानें मुंगी शुद्धीवर येऊन पळूं लागली. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. सरसानें चिकटविलेला किंवा मारलेला कीटक खऱ्या रूपांत दिसत नाहीं, हें साडेतीनशें वर्षांपूर्वींच कळून चुकलें होतें. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे : हूकनें हें सारें आपल्या ग्रंथांत स्वतः लिहून ठेवलें. आपण कोणता उपाय योजला हें त्यानें वाचकापासून लपविलें नाहीं.

कीटकास मारणें हें केव्हांहि आणि कोठेंहि गैरच, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. मुंबईस १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहांत टांचणीस टोचलेले हजारों कीटक आहेत. असे संग्रह नसते तर जाति ओळखण्याचें शास्त्रच उभें राहिलें नसतें. परंतु अशा संग्रहांत कीटकाखालीं एक चिठ्ठी असते : तो कोठें सांपडला, केव्हां सांपडला, कोणीं पकडला. टांचणी लपविलेली नसते. मेलेला कीटक तेथें मेलेला म्हणूनच ठेवलेला असतो. फ्रिजमधून काढलेल्या फुलपाखराच्या चित्राची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथें गारठा लपविलेला असतो, डिंक लपविलेला असतो, आणि जी पाहणाऱ्याने जिवंत समजावी म्हणून सारी खटपट, ती वस्तु पुष्कळदां जिवंत नसते.

कांहीं वर्षांपूर्वीं एका प्रदर्शनांत प्रस्तुत लेखकानें दोन चित्रें शेजारीं शेजारीं टांगलेलीं पाहिलीं. पहिलें तांबड्या गुलाबावर बसलेल्या नारिंगी फुलपाखराचें होतें. पंखांवरचा खवला न् खवला मोजून घ्यावा इतकें तें स्पष्ट. वर दंवाचे टपोरे थेंब. त्यापुढें गर्दी होती, आणि पारितोषिकाची चिठ्ठीहि त्यालाच लागली होती. नीट पाहिल्यावर मात्र कांहीं गोष्टी खटकल्या. फुलपाखराचे पाय छातीशीं मुडपलेले होते. एकहि पाकळीस धरून नव्हता. मेलेल्या कीटकाचे पाय असेच आंत वळतात. दंव होतें, पण सांवल्या भर दुपारच्या, आंखूड व काळ्याभोर. शिवाय गुलाबांत मध तो कितीसा, कीं या फुलपाखरानें तेथें यावें! दुसरें चित्र रुईच्या फुलावरील मोठ्या काळ्या भुंग्याचें होतें. पंख पुसट, पाकळीची कडहि थोडी हाललेली. परंतु भुंग्याच्या पायास चिकटलेल्या रुईच्या पिवळ्या परागपुंजी त्यांत दिसत होत्या, आणि खालीं बालहस्ताक्षरांत तारीख, वेळ, जागा लिहून पुढें इतकेंच होतें : ‘वारा फार होता.’ या चित्रापुढें कोणी उभें राहत नव्हतें. आम्ही मात्र तेथें बराच वेळ उभे राहिलों. कारण रुईचें परागीभवन या भुंग्यांच्या पायांनीं कसें घडतें, तें पुस्तकांतील आकृतीपेक्षां त्या हाललेल्या चित्रांत अधिक चांगलें कळत होतें. पहिल्या चित्रानें शिकविण्यासारखें कांहीं दिलें नाहीं. आणि जें दिलें तें खोटें होतें.

या खोटेपणास मोठमोठीं प्रदर्शनेंहि फसतात. लंडन येथील नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या जगप्रसिद्ध स्पर्धेंत २०१७ सालीं एका वर्गांत पहिलें ठरलेलें चित्र ब्राझीलमधील मुंगीखाऊ प्राण्याचें होतें : रात्रीची वेळ, चमचमतें वारूळ, आणि त्याकडे येणारा प्राणी. तो प्राणी जिवंत नसून पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष तज्ज्ञांनीं काढला, आणि २०१८ सालीं तें पारितोषिक रद्द झालें. छायाचित्रकारानें आरोप नाकारला. पण पारितोषिक गेलें तें गेलेंच. थोरांच्या जगांत अशी तपासणी करणारे तज्ज्ञ तरी असतात. शाळेच्या प्रदर्शनांत मुलाच्या चित्राचा खरेंखोटेपणा तपासणारा त्याच्या मनावांचून दुसरा कोण आहे? आणि त्या मनासच जर आपण पारितोषिक देऊन खोट्याची चटक लावली, तर पुढें कोणत्या तोंडानें त्याच्यापुढें प्रयोगवहींतील खऱ्या नोंदींचें महत्त्व सांगणार?

खऱ्या चित्राची किंमत केवळ नीतीच्या पुस्तकापुरती नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. शास्त्रज्ञांनीं नांवें दिलेल्या कीटकजाति सुमारें दहा लाख आहेत. त्यांतील बहुतेकांच्या राहणीविषयीं आपलें ज्ञान फार तुटपुंजें आहे. दुसरीकडे जर्मनींतील संरक्षित प्रदेशांत २७ वर्षांच्या अवधींत उडणाऱ्या कीटकांचें एकंदर वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटलें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें दाखविलें. अशा काळीं कोणता कीटक कोठें, केव्हां, कोणत्या झाडावर दिसला याची साधी नोंदहि उपयोगी पडते. २००८ सालीं सुरू झालेल्या आय-नॅचरलिस्टसारख्या उपक्रमांत सामान्य लोक आपलीं छायाचित्रें देतात, आणि संशोधक तीं वापरतात. त्या चित्रांत लिंबावरचा सुरवंट जर कोणीं शोभेसाठीं गुलाबावर नेऊन ठेवला, तर तें चित्र सुंदर असूनहि नोंद म्हणून निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे. एका शाळकरी मुलाची पुसट पण खरी नोंद त्याहून शतपटीनें मोलाची.

आतां या वाऱ्याविषयीं. त्याला आम्ही वर शत्रु म्हटलें तें छायाचित्रकाराच्या सोयीसाठीं. कीटकाच्या बाजूनें पाहिलें तर वारा हा त्याच्या संसाराचाच एक भाग आहे. वाळलेल्या काडीसारखा दिसणारा काडीकिडा वारा आला कीं स्वतःहि झुलूं लागतो. भोंवतालच्या डहाळ्या हालत असतां आपण तेवढे स्थिर राहिलों तर शत्रूच्या नजरेस येऊं, म्हणून तो असें करीत असावा असें अभ्यासक मानतात. ऑस्ट्रेलियांत कोळ्यांची शिकार करणारा एक कीटक आहे. तो कोळ्याच्या जाळ्यावरून पुढें सरकण्यास वाऱ्याची झुळूक साधतो, म्हणजे जाळें एरव्हींच थरथरत असतां त्याचीं पावलें कोळ्यास कळत नाहींत. अटलांटिक महासागरांतील मदीरा बेटांवर व्हर्नन वोलॅस्टन यांस आढळलेल्या ५५० भुंगेरेजातींपैकीं सुमारें २०० जातींस उडतां येत नव्हतें. जोराच्या वाऱ्यानें समुद्रांत लोटले जाण्याच्या धोक्यामुळें तेथें न उडणारेच अधिक टिकले, असें कारण डार्विननें १८५९ च्या आपल्या ग्रंथांत सुचविलें. आणि दक्षिण महासागरांतील बेटांवरील कीटकांच्या २०२० सालच्या अभ्यासानें वाऱ्याच्या या कारणास पुष्कळ दुजोरा दिला. आपल्याकडे पावसाळा सरतांना मैदानांवर थव्यांनीं घिरट्या घालणारा पिवळसर चतुर तर वाऱ्याचाच प्रवासी. ऑक्टोबरच्या सुमारास हे चतुर मालदीव बेटांवर येऊन पोंचतात. तेथें त्यांना अंडीं घालण्यास गोडें पाणी जवळजवळ नाहीं; तरी ते दरवर्षीं येतात. यावरून ते परतीच्या मोसमी वाऱ्यांबरोबर भारतांतून निघून समुद्र ओलांडीत पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असें मत चार्ल्स अँडरसन यांनीं २००९ सालीं मांडलें. सारांश, वारा वगळून घेतलेलें कीटकाचें चित्र म्हणजे नदी वगळून काढलेलें माशाचें चित्र होय. तें चुकीचेंच असेल असें नाहीं, पण त्यांत कांहीं उणें आहे एवढें ध्यानांत ठेवावें.

जिवंत कीटक त्याच्या घरींच पाहण्याची वाट ज्यांनीं दाखविली, त्यांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावींत. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्त्री १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, आपल्या मुलीसह दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम येथें गेली. सुरवंट पाळून, त्यांचे कोश होऊन पाखरें बाहेर पडेपर्यंत वाट पाहून, तिनें प्रत्येकाचें चित्र वनस्पतीसह रंगविलें; तो ग्रंथ १७०५ सालीं निघाला. फ्रान्समधील झां-आंरी फाब्र हा आमच्यासारखाच शाळामास्तर होता. १८७९ सालीं त्यानें सेरिन्यां या गांवीं एक ओसाड, खडकाळ जमिनीचा तुकडा घेतला, आणि उरलेलें आयुष्य त्या आवारांतील गांधीलमाशा व भुंगेरे पाहण्यांत घालविलें. तो प्रदेश मिस्त्राल नांवाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासाठीं प्रसिद्ध आहे. कीटकांविषयींच्या आठवणींचे त्याचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळांत प्रसिद्ध झाले. या दोघांच्याहि कामांत सर्वांत मोठा वांटा हत्यारांचा नव्हता. तो थांबण्याचा होता.

पण नुसतें ‘थांबा’ म्हणून भागणार नाहीं. थांबावें कसें तेंहि सांगितलें पाहिजे. पहिला उपाय वेळेचा. रात्रीं जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाहि थंड व जड होऊन खालीं बसते, आणि पहांटे वारा बहुधा पडलेला असतो. त्याच वेळीं कीटकहि गारठलेले असतात. उडण्याचे स्नायु ऊब येऊन तीस अंश सेल्सिअसच्या आसपास पोंचल्यावांचून पुष्कळ फुलपाखरांस नीट उडतां येत नाहीं. ज्या गारठ्यासाठीं मूल घरचा फ्रिज उघडतें, तो गारठा बागेंत पहांटे फुकट मिळतो. आणि दंवहि मिळतें, तें खरें. सूर्य वर चढला कीं जमीन तापून हवा घुसळूं लागते. कोंकणच्या किनाऱ्यावर रात्रीचे मतलई वारे संपून खारे वारे सुरू होण्यापूर्वीं सकाळीं जो कांहीं वेळ निवांत जातो, तो तर या कामास फारच चांगला.

दुसरा उपाय आडोशाचा. कुंपणाच्या भिंतीच्या वाऱ्याआडच्या बाजूस एखादें झुडूप निवडावें, किंवा सोबत्यास उघडी छत्री घेऊन वाऱ्याच्या तोंडास बसवावें. तिसरा उपाय आधाराचा. जमिनींत एक काठी रोवून तिला कपडे वाळत घालण्याचा चिमटा बांधावा, आणि फांदीचा देंठ कीटकापासून बराच खालीं त्यांत हलकेच धरावा. पान हातानें धरतां येण्यासारखें असेल, तर डाव्या हातानें पान धरून त्याच हातावर लेन्स टेकवावी. म्हणजे पान आणि कॅमेरा बरोबर हालतात, आणि दोहोंतील अंतर कायम राहतें. चौथा उपाय पदार्थविज्ञानाच्या तासाचा. झोपाळा मध्यें असतो तेव्हां सर्वांत वेगवान, आणि टोकास पोंचतो तेव्हां क्षणभर थांबलेला. डुलती फांदीहि तशीच. ती टोकाच्या जागीं क्षणभर स्थिर होते, आणि वारा एकसारखा असेल तर पुन्हां जवळजवळ तेथेंच येते. त्या जागेवर लेन्सची स्पष्टता बांधून ठेवावी आणि ती लय मनांत मोजून बटण दाबावें. पन्नास चित्रांत दोन साधलीं तरी तो दिवस चांगला समजावा. आणि कांहीं केल्या वारा ऐकेनाच, तर भोंवतालचें गवत पुसट येऊं द्यावें. तें पुसटपण म्हणजे त्या दिवसाच्या वाऱ्याचीच नोंद आहे.

येथें कोणी चतुर विद्यार्थी विचारील कीं, देंठास चिमटा लावणें हीहि ढवळाढवळच नव्हे काय? होय, थोडी आहे. माणूस झुडपापाशीं गेला कीं त्याच्या सांवलीनेंहि ढवळाढवळ होते. पण या बाबतींत एक सोपी कसोटी लावावी. आपण निघून गेल्यावर तो कीटक होता तेथेंच, होता त्याच कामांत आहे काय? भुंगा मध शोषीत होता, तो अजून शोषीत असेल तर आपण पाहुणे म्हणून आलों व गेलों. दुसरा म्हणेल कीं, फ्रिजमधला कीटक कांहीं मरत नाहीं, ऊब मिळतांच उडून जातो. पुष्कळदां तसें होतें हें खरें. परंतु तो उडतो तो कोठें? लिंबाच्या झाडावरून उचललेला सुरवंट गुलाबाच्या कुंडीवर ठेवून मूल शाळेंत निघून गेलें, तर त्या सुरवंटानें खावें काय? तो गुलाबाचें पान खाणार नाहीं. उपाशी मरेल, आणि त्याचें मरण कोणास दिसणारहि नाहीं. शिवाय कांहीं फुलपाखरें व इतर कीटक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आहेत. त्यांस पकडणें हा गुन्हा होतो, आणि पकडतांना मुलास तें ठाऊकहि नसतें. आपल्या महाराष्ट्रानें तर २०१५ सालीं ब्ल्यू मॉरमॉन या मोठ्या निळ्याकाळ्या फुलपाखरास राज्य-फुलपाखराचा मान दिला. ज्याला मान द्यावयाचा, त्याला डब्यांत कोंडून बर्फाशेजारीं ठेवावयाचें, हें कोणत्या रीतीस धरून आहे?

यासाठीं आमची एक सूचना आहे. शाळेच्या प्रदर्शनांत येणाऱ्या कीटकाच्या प्रत्येक चित्राखालीं विद्यार्थ्यानें स्वतःच्या अक्षरांत पांच गोष्टी लिहाव्यात : जागा, तारीख व वेळ, वनस्पति, वारा कसा होता, आणि कीटकास किंवा फांदीस हात लावला काय व कसा. परीक्षकांनीं निम्मे गुण चित्रास आणि निम्मे या नोंदीस द्यावेत. देंठ धरला असें लिहिणाऱ्याचे गुण कापूं नयेत. खरें लिहिल्याबद्दल शिक्षा झाली तर पुढील वर्षीं कोणी खरें लिहिणार नाहीं. मेलेला कीटक सांपडला व त्याचें चित्र घेतलें, तर ‘मेलेला’ असें लिहावें. असें चित्रहि अभ्यासास उपयोगी असतें, आणि त्यास स्वतंत्र जागा द्यावी. एवढ्यानें सर्व लबाडी थांबेल असा आमचा भ्रम नाहीं. पण आज ज्या मुलाचें हाललेलें, खरें चित्र भिंतीच्या कोपऱ्यांत जातें, त्याला आपण केलें तें बरोबर होतें एवढें तरी कळेल. आणि तेवढें कळणें त्याच्या वयांत फार असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हातीं जें यंत्र आहे तें हूकच्या, मेरियनच्या किंवा फाब्रच्याहि हातीं नव्हतें. त्यांच्यापाशीं जें होतें तें मात्र कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. उद्यां पहांटे थोडें लवकर उठा, बागेंत या, आणि मंजिरीपुढें गुडघे टेकून बसा. वारा असेल तर असूं द्या. तो पडेपर्यंत मधमाशी काय करते तें पाहत राहा. चित्र मिळालें नाहीं, तरी जें दिसलें तें वहींत लिहून ठेवा, आणि आम्हांस दाखविण्यास विसरूं नका.